कंदीलफुलाचा पत्ता

दिल्लीहून फोन आला तेव्हा हेमांगी परुळेकर कोल्हापुरातल्या आपल्या प्रयोगशाळेत जेवणाचा डबा उघडून बसली होती. राष्ट्रीय वनस्पतिविज्ञान सन्मानाच्या निवड समितीच्या सचिव डॉ. बरुआ बोलत होत्या.

"२०४३चा सन्मान तुम्हाला जाहीर झालाय. सोहळा पंधरा नोव्हेंबरला. तुम्हाला सात मिनिटं बोलायचंय, मुद्दे आधी पाठवा."

हेमांगीने आभार मानले, फोन ठेवला आणि लगेच पुण्याला मसुरकर सरांना लावला.

"सर, मिळाला."

पलीकडून पंच्याऐंशी वर्षांचे प्रा. वामन मसुरकर म्हणाले, "समितीत कोण कोण आहेत ते आधी सांग. त्यावर ठरवतो अभिनंदन करायचं की नाही." आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली.

हाच सन्मान सरांना २००७ साली मिळाला होता, एका फुलासाठी. सिंधुदुर्गातल्या धामणवाडीच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या जांभ्या दगडाच्या पठारावर, त्यांना हातभर उंचीचं एक रोप सापडलं होतं. त्याला टांगलेल्या कंदिलासारखी फुलं यायची. जगात दुसरीकडे कुठेही ते नव्हतं. त्या सड्याच्या पोटात बॉक्साइट होतं आणि खाणीचे परवाने जवळजवळ निघाले होते. न्यायालयाने ते या कंदीलफुलामुळे थांबवले. गुरूला मिळालेला सन्मान आता शिष्येला मिळणार, म्हणून वर्तमानपत्रं खूश होती.

हेमांगीला तो मिळत होता 'उगमदर्शका'साठी. या यंत्राला वाळलेल्या पानाचा तिळाएवढा तुकडा दिला की ते झाड कुठे वाढलं ते सांगायचं. त्यामागचं विज्ञान ती शाळेतल्या मुलांनाही समजावून द्यायची. मातीत स्ट्रॉन्शियम नावाचा धातू अगदी थोडा असतो. त्याचे काही अणू हलके, काही जड. जड किती आणि हलके किती, हे प्रमाण खडकागणिक बदलतं. काळ्या पाषाणाचं वेगळं, फार जुन्या खडकांचं वेगळं. समुद्राजवळच्या सड्यांवर पावसाबरोबर खाऱ्या पाण्याचे कण पडतात, त्यामुळे तिथल्या मातीत समुद्राच्या पाण्यातलं प्रमाण मिसळतं. झाड पाण्यातून हा धातू शोषतं, पण त्याचं प्रमाण बदलू शकत नाही. पान शंभर वर्षं कागदावर चिकटवून ठेवलं तरी ते तसंच राहतं. हेमांगीने अकरा वर्षं सहा राज्यांतली माती गोळा करून याचा नकाशा बनवला होता. जुन्या संग्रहांत नुसतं 'कोकण' किंवा 'घाट' एवढंच लिहिलेल्या एकतीस हरवलेल्या वनस्पती त्या नकाशाने पुन्हा शोधून दिल्या होत्या. चंदनचोरीच्या दोन खटल्यांत त्याची साक्ष न्यायालयाने मानली होती.

सात मिनिटांतलं एक मिनिट सरांना द्यायचं, असं तिने ठरवलं. सरांनी गोळा केलेला कंदीलफुलाचा मूळ नमुना यंत्रात घालायचा आणि पडद्यावर धामणवाडीचा सडा उजळलेला दाखवायचा. सर घरी बसून सोहळा बघणारच होते.

नमुना सरांच्या जुन्या महाविद्यालयाच्या संग्रहात होता. तिथल्या क्युरेटर बाईंनी तुकडा पाठवताना फोनवर सहज सांगितलं, "अचानक या पानाला फार मागणी आलीय. खाणकंपनीच्या वकिलांनीही तुकडा मागितलाय. त्यांनी तुमचं यंत्र विकत घेतलंय म्हणे. नियमाप्रमाणे डिसेंबरात द्यावा लागेल."

हेमांगीने ते कानाआड केलं. संध्याकाळी निकाल आला. पडद्यावर सडा उजळला नाही. उजळलं ते पुणे. काळ्या पाषाणाची माती, समुद्राचा अंश नाही, भरवसा शहाण्णव टक्के.

तिने दुसरा तुकडा घातला. पुणे. यंत्र धुऊन, पाणी बदलून तिसरा घातला. पुणे.

ती बाहेर पडली आणि रंकाळ्याला दोन फेऱ्या मारल्या. घरी जाऊन भाजी फोडणीला टाकली आणि गॅस बंद करायला विसरली. करपलेली भाजी नवऱ्याने, मिलिंदने, मुकाट्याने खाल्ली. मग त्याने विचारलं, "काय झालंय?"

"यंत्र चुकतंय."

"मग दुरुस्त कर."

"यंत्र चुकत असेल तर चंदनवाले दोघे विनाकारण तुरुंगात आहेत. आणि चुकत नसेल..." तिने ताट सरकवलं.

चार दिवसांनी ती धामणवाडीला गेली. यंत्राची चूक तिथेच सापडेल, असा तिचा हिशोब होता. सड्यावरची ताजी पानं, माती, सड्याखालच्या वाड्यांतली झाडं, सगळं गोळा करायचं आणि कुठे गफलत होतेय ते बघायचं. सप्टेंबर संपत आला होता. सड्याच्या पश्चिमेला कंदीलफुलं वाऱ्यावर हलत होती, चौदाशेच्या आसपास. फुलं बघूनही तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

सड्याची राखण करणाऱ्या द्रौपदी गावडे बरोबर होत्या. वय चोपन्न, पायांत रबरी चपला, आणि चालण्याचा वेग असा की हेमांगीला मागून पळावं लागत होतं.

"बाय, गेल्या खेपेक गप्पा मारी होतंस. आज तोंड कित्याक शिवलंस?" त्यांनी विचारलं.

"काम आहे, द्रौपदीताई."

हेमांगीने गाडीत छोटं यंत्र आणलं होतं. द्रौपदीताईंच्या ओसरीवर ते मांडून ती नमुने घालत बसली. सड्यावरची पानं बरोबर सड्याचीच निघाली. मग तिने खालच्या वाडीतल्या पोफळींच्या झावळ्या घातल्या. खालची माती फार जुन्या खडकाची, सड्याहून अगदी निराळी. उत्तर तिला घालण्याआधीच माहीत होतं.

यंत्राने सांगितलं: धामणवाडीचा सडा.

ती ताडकन उठली. दुसऱ्या वाडीतली पोफळ घातली. सडा. तिसऱ्या वाडीतली. सडा. दोन कोस खाली वाढलेली झाडं यंत्र डोंगरावर दाखवत होतं! तिला हसू फुटलं. यंत्र चुकत होतं. सर खरे होते. सन्मान गेला तरी चालेल, चंदनाचे खटले पुन्हा उभे राहतील, सगळं निस्तरता येईल. तिने सरांना फोन लावायला घेतला.

"काय झाला?" द्रौपदीताई चहा घेऊन आल्या.

"यंत्र खोटं बोलतंय, ताई! तुमच्या पोफळी सड्यावर वाढल्या म्हणतंय."

द्रौपदीताईंनी कप खाली ठेवला. "मगे खोटा काय त्यात? पोफळीक पाणी खंयचा? झरीचा. आनि झरीक पाणी खंयसून येता? सड्यार पाऊस मुरता, तो शिमग्यापासून आमच्या झरीत उतारता. बाकी गावांनी टँकर येता, आमच्या सात वाड्यांक कधी इलो नाय."

हेमांगीच्या हातातला फोन तसाच राहिला. ती झावळीकडे बघत होती. ही पानं एप्रिल-मे महिन्यात फुटलेली. त्या दिवसांत ती वाढली ती झऱ्याच्या पाण्यावर, आणि ते पाणी सड्याच्या जांभ्यातून महिनोन्‌महिने झिरपत, तिथला अंश घेऊन खाली आलेलं. यंत्र झाडाचा नव्हे, झाडाने प्यायलेल्या पाण्याचा पत्ता सांगत होतं. ते नेहमी तेच सांगायचं. ते चुकत नव्हतं.

ती ओसरीच्या पायरीवर बसली.

"म्हणजे सरांचं रोप पुण्यातच वाढलेलं," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली.

द्रौपदीताईंनी पदराने कपाळ पुसलं. मग म्हणाल्या, "मास्तरांनी लावलेली ती. मी बघलंय."

"काय?"

"धा वर्सांची असान मी. गुरां घेवन सड्यार गेल्लंय. मास्तर एकटेच, ढोपरार बसान झाडाचे कांदे पुरी होते. माका बघून दचाकले. म्हणाले, कोणाक सांगू नको. ह्या झाड जगला तर तुमचो सडो जगतलो."

"आणि इतकी वर्षं तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"कोणी इचारूक नाय," द्रौपदीताई म्हणाल्या. "आनि सडो जगलो मा?"

पुण्याच्या घराचं दार सरांनीच उघडलं. हेमांगीचा चेहरा बघून ते म्हणाले, "न कळवता आलीस, म्हणजे भांडायला आलीस."

तिने कागद टेबलावर ठेवला. सरांनी चष्मा लावून तो वाचला, घडी घातली आणि पुन्हा उघडला.

"यंत्र नवीन आहे तुझं. सुधारेल हळूहळू."

"द्रौपदी गावडेंनी तुम्हाला कंद लावताना पाहिलंय."

सरांनी चष्मा काढून कागदावर ठेवला. मग काठी घेऊन उठले आणि तिला गॅलरीत घेऊन गेले. "या कोपऱ्यात बारा कुंड्या होत्या," ते म्हणाले. "रोप मला आधी सापडलं होतं जुन्नरच्या बाजूला एका टेकाडावर. सत्त्याण्णव साली. धरणाचं पाणी चढत होतं. मी लेख लिहायला घेतला, तोवर टेकाड बुडालं. बारा कंद पिशवीत होते तेवढे उरले. मग खाणवाले सड्यावर आले. तिथल्या झऱ्यांबद्दल, बेडकांबद्दल, गवतांबद्दल मी चार अर्ज केले. कुणी वाचले नाहीत. म्हणाले, दुर्मीळ काही आहे का? जगात फक्त इथेच असलेलं?" सरांनी काठी फरशीवर आपटली. "मग मी त्यांना दिलं."

"न्यायालयात शपथेवर."

"हो, शपथेवर. आणि नमुना म्हणून घाईत कुंडीतलंच रोप दाबलं. मातीच पत्ता सांगेल, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?"

"डिसेंबरात त्या पानाचा तुकडा कंपनीला मिळतोय, सर. जानेवारीत त्यांच्या नव्या परवान्याची जनसुनावणी आहे."

"मग त्यांना सांगू दे. तू कशाला सांगतेस?"

"त्यांनी सांगितलं तर सगळा सडाच खोटा ठरेल. झऱ्यांबद्दल जे खरं आहे, तेही कुणी ऐकणार नाही. मी आधी सांगितलं तर..."

"तर फक्त मी खोटा ठरेन." सर गॅलरीच्या कठड्याला टेकले. "चाळीस वर्षं मी मुलांना शिकवलं. या एका गोष्टीने ते सगळं पुसलं जाईल. तुझ्या यंत्राला एवढं कळतं, तर त्याला विचार, माणसाने गप्प कधी बसायचं असतं."

"मी तुम्हाला विचारायला आलेय."

"माझं उत्तर नाही असं आहे. सन्मान घे, चार चांगली वाक्यं बोल आणि परत ये." ते आत वळले. "जाताना दार ओढून घे."

पुढचे दीड महिने हेमांगी एका जागी बसली नाही. सात वाड्या, दोनशे बारा पोफळी, एकोणीस झरे. आठवड्यात तीन दिवस धामणवाडी, उरलेले प्रयोगशाळा. दिवाळीत ती घरी नव्हती. मिलिंद फराळाचे डबे घेऊन धामणवाडीलाच आला, झावळ्यांवर आकडे लिहायला बसला आणि चौथ्या दिवशी म्हणाला, "तू सरांसाठी पळतेयस की सरांपासून?" तिने त्याच्याकडे न बघता पुढची झावळी त्याच्या हातात दिली. रोज एकदा ती सरांचा नंबर काढायची आणि ठेवून द्यायची. नकाशा मात्र भरत गेला. उन्हाळ्यात सातही वाड्या सड्याचंच पाणी पितात, यात आता शंका उरली नव्हती. फक्त सड्याच्या पश्चिमेचा तिसरा हिस्सा कुठल्याच वाडीत दिसत नव्हता. तिकडचं पाणी सरळ समुद्राकडे जात होतं.

भाषणाचे मुद्दे वाचून डॉ. बरुआंचा फोन आला. "हा मसुरकरांबद्दलचा चौथा मुद्दा वगळता नाही का येणार? सोहळ्यानंतर आम्ही रीतसर चौकशी नेमू."

"नाही येणार," हेमांगी म्हणाली. "सन्मान मागे घ्यायचा असेल तर आत्ताच घ्या."

समितीने तो मागे घेतला नाही. पंधरा नोव्हेंबरला दिल्लीच्या सभागृहात ती उभी राहिली. पहिली तीन मिनिटं यंत्राबद्दल बोलली. मग पडद्यावर कंदीलफुलाचा नमुना आला आणि त्याखाली पुण्याचा नकाशा.

"हे रोप सड्यावरचं नाही," ती म्हणाली. "माझ्या गुरूंनी ते तिथे लावलं. ज्या फुलासाठी त्यांना हाच सन्मान मिळाला, त्या फुलाचं गाव त्यांनी खोटं सांगितलं. प्रयोगवहीत खाडाखोड करायची नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं." तिने पाण्याचा घोट घेतला आणि पुढचा नकाशा लावला: सात वाड्या, एकोणीस झरे, आणि त्यांना जोडलेला सडा. "आता खरं काय आहे ते बघा."

टाळ्या वाजल्या, पण लोकांनी एकमेकांकडे बघून वाजवाव्यात तशा. खाली उतरल्यावर डॉ. बरुआ म्हणाल्या, "सात मिनिटांत आम्हाला सात महिन्यांचं काम लावलंत." त्या रागावल्या होत्या की नाही, ते हेमांगीला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी बातम्यांत तिचं आणि सरांचं नाव शेजारी शेजारी होतं, पण या वेळी मथळे वेगळे. 'गुरूला बुडवून सन्मान.' सरांच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटातून तिला काढून टाकलं. एका जुन्या मैत्रिणीने फक्त एवढंच लिहिलं, 'ते जाईपर्यंत थांबली असतीस.' कंपनीने जाहीर केलं की फूल खोटं, म्हणून बंदीही खोटी. सरांचा फोन बंद होता. आठवड्याने समितीला कुरिअरने एक डबी मिळाली. त्यात २००७चं पदक होतं. सोबत चिठ्ठी नव्हती.

जानेवारीतली जनसुनावणी धामणवाडीच्या शाळेच्या पटांगणात होती. सातही वाड्या आल्या होत्या. कंपनीच्या वकिलांनी पहिलंच वाक्य फुलावर घेतलं. "ज्या शास्त्रज्ञाच्या शब्दावर चाळीस वर्षं विकास अडला, तो शास्त्रज्ञ आज इथे येण्याचं धाडसही..."

"आलाय," मागून कुणी तरी म्हणालं.

सर आले होते. पुतण्याने त्यांना गाडीतून उतरवलं आणि ते काठी टेकत पुढे आले. हेमांगी उठून उभी राहिली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"आपण न्यायालयात खोटं सांगितलंत?" वकिलांनी विचारलं.

"हो."

"मग आज आपल्यावर विश्वास का ठेवायचा?"

"ठेवू नका," सर म्हणाले. "मी सांगतोय म्हणून काहीही मानू नका. मी साक्ष द्यायला आलो नाही, मी फक्त एवढं कबूल करायला आलोय की फूल बाहेरचं आहे आणि ते मी आणलं. यात या बाईंचा," त्यांनी हेमांगीकडे काठी केली, "किंवा गावाचा काही संबंध नाही. आता पाण्याचं त्यांना विचारा."

ते खाली बसले. द्रौपदीताईंनी त्यांच्या पुढ्यात तांब्या ठेवला. मग पदर खोचून त्या स्वतःच माईकसमोर गेल्या आणि काखेतली पोफळीची झावळी अधिकाऱ्यांच्या टेबलावर आपटली.

"ही माझ्या दारातली. ह्या बायच्या यंत्राक इचारा, तुमच्या यंत्राक इचारा. दोगांवय एकच सांगतली. वरचो दगड खणलात तर ही मरात, मगे आमी मरतलों."

कंपनीच्या माणसांनी खरोखरच आपलं यंत्र लावलं. उत्तर तेच आलं.

मार्चमध्ये निर्णय आला. सड्याचे दोन हिस्से झऱ्यांसाठी कायमचे राखीव झाले. पश्चिमेचा तिसरा हिस्सा, ज्याचं पाणी समुद्राकडे जायचं, खाणीला मिळाला. कंदीलफुलं सगळी तिथेच होती.

त्या दिवशी सरांचा फोन आला. पाच महिन्यांत पहिलाच.

"तिकडे गुरं कमी जायची म्हणून लावले होते मी," ते म्हणाले. "मूर्खपणा. काढायला कधी जातेस?"

वनखात्याची परवानगी मिळायला मे उजाडला. द्रौपदीताईंनी वाड्यांतल्या पंधरा बायका आणल्या, आणि साडेतीनशे कंद ओल्या गोणपाटात बांधून निघाले. बाकीचे दगडाच्या फटीत होते, ते निघाले नाहीत. जुन्नरजवळ त्या धरणाच्या पाण्यावर एका डोंगराचा माथा अजून शिल्लक होता. बुडालेल्या टेकाडाशी त्याची माती जुळत होती. कंद तिथे लावले. काही अभ्यासकांनी त्यालाही आक्षेप घेतला, तो वाद अजून चालू आहे.

सप्टेंबरात हेमांगी सरांना घेऊन तिथे गेली. सरांना चढ झेपणार नव्हता. ते खाली गाडीतच बसले, दार उघडं टाकून. ती वर गेली आणि तासाभराने उतरली ती घामाघूम होऊन. तिच्या हातात वर्तमानपत्रात दाबलेली एक डहाळी होती.

"किती?" सरांनी विचारलं.

"दोनशे सहा उगवलेत. फुलं एकोणचाळीसांना."

सरांनी मान हलवली. डहाळी मांडीवर घेऊन पाकळ्या बोटाच्या टोकाने सरळ केल्या. हेमांगीने बॉनेटवर कागद ठेवून नमुन्याची चिठ्ठी लिहायला घेतली. ठिकाण लिहिलं, तारीख लिहिली, दोघांची नावं लिहिली. मग सवयीने लिहिलं, 'डोंगरमाथ्यावर उघड्या जागी आढळले.'

सर वाकून बघत होते. त्यांनी हात पुढे करून तिच्याकडून पेन घेतलं आणि शेवटचा शब्द खोडला. थरथरत्या अक्षरात त्याच्या शेजारी लिहिलं, 'लावले.'